सुरेशच्या नावे गॅरेज आणि त्या वायसराची हकीकत

मी, भूपेंद्र रामाजी सांबारे, वय सहासष्ट वर्षे, धंदा मोटार दुरुस्ती, राहणार सावरगाव, जिल्हा पांढुर्णा, मध्य प्रदेश, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. साखरेचा त्रास आहे आणि गुडघे दुखतात, पण त्याचा माझ्या इच्छेशी संबंध नाही. मला कोणी धाक घातलेला नाही की फूस लावलेली नाही; उलट ज्याला मी गॅरेज देत आहे तोच हे लिहू नको म्हणून मागे लागला आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. कुठे निघालेच, तर ते माझे समजू नये.

कलम १. सावरगावचे राहते घर, घरातील सर्व सामान आणि बँकेत असेल ती शिल्लक माझी पत्नी सौ. प्रतिभा हिची. चाळीस वर्षे तिने माझे ऑइलचे कपडे वेगळ्या बादलीत धुतले आणि एकदाही ती बादली माझ्यासमोर आपटली नाही. तिच्या हयातीत तिला या घरातून कोणी हलवू नये. तिच्यानंतर घर मुलगा वैभव याचे.

कलम २. बोरगावची दीड एकर संत्र्याची बाग मुलगी दिपाली हिची. ती सौंसरला शाळेत शिकवते. कलमे तिनेच निवडून आणली आणि पहिले दोन उन्हाळे डोक्यावरून पाणी वाहिले. बाग तिच्या कष्टाची आहे, मी फक्त कागद करून देत आहे.

कलम ३. पांढुर्ण्यातील गॅरेज, म्हणजे जागा, टिनाचे शेड, गाडीखाली उतरून काम करण्याचा खड्डा, हवेची टाकी आणि विजेचे मीटर, हे सर्व सुरेश नारायण कळंबे यास द्यावे. तो माझा भाऊ नाही, नातेवाईक नाही. उद्या कोणी विचारेल, म्हणून कारण लिहितो. वकील म्हणाले की कारण लिहायची गरज नाही. मला आहे.

सुरेश आणि मी याच गॅरेजात गजानन उस्तादांकडे शिकलो. उस्तादांचा एक नियम होता. इंजिनचे ऑइल बदलले की खालच्या चेंबरच्या बोल्टला नवा वायसर, म्हणजे तांब्याची चपटी कडी, लावायचा. नवा नसेल तर जुना तांब्याचा वायसर स्टोव्हवर लाल होईपर्यंत तापवायचा आणि पाण्यात टाकायचा, म्हणजे तो पुन्हा मऊ होतो आणि बोल्टखाली नीट बसतो. एकदा दाबला गेलेला वायसर तसाच लावला तर तो कडक राहतो आणि कडेने ऑइल झिरपते. "दहा मिनिटं लागतात," उस्ताद म्हणत, "दहा मिनिटांसाठी कोणाचं इंजिन खाऊ नका."

१९९१ सालचा पोळा. दिपाली जन्मून चार दिवस झाले होते. बोरगावच्या नत्थूजींची जीप शेवटचे काम होते. डब्यात नवे वायसर संपले होते, स्टोव्ह विझवून ठेवला होता आणि मला घरी जायची घाई होती. मी जुना वायसर कापडाने पुसला आणि तसाच लावला. बोल्ट जोर लावून आवळला. खाली थेंब दिसला नाही, म्हणून गाडी देऊन टाकली.

दुसऱ्या दिवशी गोटमार होती, म्हणजे सावरगाव आणि पांढुर्ण्याच्या लोकांनी नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर दगड मारायचा दरवर्षीचा खेळ. सुरेश खेळणाऱ्यांत नव्हता, जाम नदीच्या काठावर उभा राहून पाहत होता. दगड त्याच्या डाव्या डोळ्याला लागला. इथल्या डॉक्टरांनी पट्टी बांधली आणि ताबडतोब नागपूरला न्या म्हणून सांगितले. नत्थूजींची जीप जवळच उभी होती. ते म्हणाले, "बसवा त्याले, मी नेतो." मी सुरेशचे डोके मांडीवर घेऊन मागे बसलो.

सावनेरच्या अलीकडे नत्थूजी म्हणाले, "भूपेंद्र, ऑइलचा काटा खाली येऊन राहिला." मी काही बोलायच्या आत इंजिनने ठोके द्यायला सुरुवात केली आणि ते जाम झाले. मी उतरून गाडीखाली शिरलो. चेंबरच्या बोल्टच्या कडेने ऑइल गळत होते. रस्त्यावर मागे दूरवर काळी रेघ दिसत होती.

"काय झालं?" नत्थूजींनी विचारले.

मी म्हणालो, "चेंबरले दगड लागला असंन."

दीड तास आम्ही रस्त्यात उभे होतो. मग एका ट्रकवाल्याने घेतले. नागपूरच्या डॉक्टरांनी सुरेशचा जीव सांभाळला, डोळा त्यांना वाचवता आला नाही. "लवकर आला असता तर कदाचित," असे ते म्हणाले. हा 'कदाचित' मी सतरा वर्षे कोणाला सांगितला नाही.

सुरेश दीड महिन्यात कामावर परतला. उस्तादांनी नत्थूजींचे इंजिन स्वतः बांधून दिले आणि कोणाचा हात होता हे कधी विचारले नाही. पुढे उस्ताद गेले. त्यांच्या पत्नी शकुबाई यांनी जागा बाहेरच्या गिऱ्हाइकाला न देता मला विकली. "त्यायच्या हाताखालच्या पोरानंच चालवावं," एवढेच बोलल्या. त्या माउलीचे उपकार इथे नोंदवतो. गॅरेज माझ्या नावावर झाले आणि सुरेश माझ्याकडे कामाला राहिला. त्याच दिवसापासून ते खोटे मला जास्त जड जाऊ लागले.

२००८ साली एका दुपारी चहा पिताना मी त्याला सांगितले. वायसर मी जुना लावला होता. दगड लागल्याचे खोटे बोललो होतो.

सुरेशने कप खाली ठेवला. "मले माहीत हाय, भाऊ," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"नागपूरहून कामावर आल्या आल्या मीच ते चेंबर धुतलं होतं नं. वायसरवर दाबल्याच्या दोन-दोन रेघा होत्या. नवा असता तर एकच असती. मी जाममध्ये फेकून देल्ला तो."

"मंग बोलला काहून नाही?"

"तुही पोरगी पाळण्यात होती. उस्तादानं तुले काढलं असतं तर कुठं गेला असता?" पुढे तो म्हणाला, "डोळा दगडानं गेला. वायसरानं नाही. आणि तुले सांगायचं होतं तर तू सांगशीलच, असं वाटे मले. वेळ लावला तू."

मग त्याने कप उचलला आणि थंड झालेला चहा पिऊन टाकला. संध्याकाळपर्यंत आम्ही एका ट्रॅक्टरचा क्लच बसवला. त्या दिवसाइतके हलके मला आयुष्यात कधी वाटले नाही.

नत्थूजी वारले, त्यांना खरे सांगायचे माझ्याकडून राहून गेले. त्यांचा मुलगा ऋषिकेश याला मागच्या महिन्यात सांगितले. तो म्हणाला, "बाबा म्हणत, जीप विकत घेतली ती त्या एका दिवशी तरी कामी आली." तो साक्षीदार व्हायला तयार झाला, हे त्याचे मोठेपण.

वैभवने सुरुवातीला हरकत घेतली होती. तो नागपूरला नोकरी करतो. त्याच्या दृष्टीने ते चूक नव्हते. पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून रस्त्यावरच्या जागेला मागणी आहे. दिवाळीत मी त्याला हे सर्व सांगितले. तो उठून बाहेर गेला. मला वाटले रागावला. तासाभराने सुरेशच्या घरून परत आला आणि म्हणाला, "बाबा, काकाच्या नावानं करा. मी सही देतो." सहीची गरज नाही, पण त्याने देऊ केली हे लिहून ठेवतो.

कलम ४. सुरेशचे म्हणणे असे की तो माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे, तेव्हा आधी तोच जाईल आणि हा कागद वाया जाईल. तसे झाल्यास गॅरेज त्याची मुलगी शिवानी हिचे. ती गेली पाच वर्षे तिथे काम करते आणि इंजिनचा आवाज ऐकून बिघाड सांगते. माझा पान्यांचा संच आणि टॉर्क पाना मात्र कोणी आधी गेले तरी तिलाच द्यावा. बोल्ट किती आवळायचा हे माझा हात मला खोटे सांगत असे, तो पाना खोटे सांगत नाही.

कलम ५. पार्ट्सच्या दुकानाचे मालक सौरभ यांना माझ्या टेबलाखालचा पत्र्याचा डबा द्यावा. त्यांनी मला तांब्याचे म्हणून विकलेले, वरून फक्त मुलामा असलेले लोखंडी वायसर त्यात आहेत. मी एकही गाडीला लावला नाही. त्यावरून झालेले आमचे भांडण संपले आहे, डबा परत करायचा राहिला आहे.

कलम ६. माझे डोळे दान करावेत. सुरेशच्या डोळ्याला त्यांचा उपयोग नाही हे मी डॉक्टरांना विचारून घेतले आहे. ज्याला होईल त्याला द्यावेत. प्रतिभाने रडत बसून उशीर करू नये, आधी फोन करावा.

कलम ७. या सर्वाची अंमलबजावणी वैभवने करावी.

इथे मी सही करणार होतो. काल हा मजकूर सुरेशला वाचून दाखवला. तो म्हणाला, "कागदावर हे सारं काहून लिहून राहिला?" मी म्हणालो, एक ओळही खोडणार नाही. तेव्हा त्याने, मग माझ्याही चार ओळी घाल, म्हणून पेन मागून घेतला. वकिलांनी नाक मुरडले. त्याच्या अक्षरात पुढे आहे:

"भूपेंद्रनं एक गोष्ट लिहिली नाही. डोळा गेल्यावर सहा वर्षे दर तपासणीले तो माह्यासंगं नागपूरले आला. एकदाही मले एकट्याले बसमध्ये बसू देल्लं नाही. रस्त्यानं माह्या डाव्या बाजूनं चालते, अजूनही. मले हे गॅरेज नको होतं. पण नाही म्हटलं तर त्याले झोप येणार नाही, म्हणून घेतो. सुरेश नारायण कळंबे."

मी हे वाचले. हरकत नाही.

सही: भूपेंद्र रामाजी सांबारे

आम्हा दोघांसमोर त्यांनी सही केली, आणि त्यांच्यासमोर आम्ही करतो. यातून आम्हाला काही मिळत नाही.

साक्षीदार १: ऋषिकेश नत्थूजी घागरे, शेती, बोरगाव
साक्षीदार २: अनुराधा विनायक पराडकर, निवृत्त मुख्याध्यापिका, पांढुर्णा

ठिकाण: पांढुर्णा
दिनांक: १२ नोव्हेंबर २०२५