भेंडीखालची जागा

३ फेब्रुवारी १८९५

पुन्हा केरच! चाळीसमोरच्या भेंडीच्या झाडाखाली आख्ख्या गल्लीचं उष्टं-खरकटं. म्युनिसिपालिटीला तीन अर्ज लिहिले — सुवाच्य, कारकुनी हातानं. उत्तर नाही.

आमची कोळीण रखमा गुडघा धरून जिना चढली. "तात्या, आता दारोदार जमत नाय. खाली बसाया जागा असती तं धंदा टिकला असता."

५ फेब्रुवारी

पहाटे एक पाप केलं. भेंडीखालच्या दगडाला शेंदूर फासला. कोणी पाहिलं नाही.

६ फेब्रुवारी

केर बंद! एका दिवसात! तीन अर्ज गेले चुलीत.

१९ फेब्रुवारी

शेजारच्या आनंदीबाईंनी जागा सारवली. महादेव गवंड्यानं फुकट ओटा बांधून दिला. संध्याकाळी बायका बसतात, म्हातारे भांडतात, कालपर्यंत नावही ठाऊक नसलेली माणसं हाक मारतात. फुलवाली आली, चणेवाला आला. रखमाही तिथंच बसते; पाटी सकाळी नऊच्या आत रिकामी! म्हणाली, "लेकीचं लगीन यंदाच उरकते."

मी मनातल्या मनात मिशीला पीळ दिला.

२७ फेब्रुवारी

घात! आनंदीबाईंनी रखमाला उठवलं. "देवापुढे मासळी? शिव शिव!" सगळी चाळ त्यांच्याच बाजूनं — आणि घरोघर मासळीच्या तळणीचा वास! रखमा पाटी डोक्यावर घेऊन लंगडत गेली.

तिच्यासाठी देव केला, नि त्या देवानंच तिला उठवलं. लाज वाटते. खरं सांगावं, तर चाळ तोंडावर थुंकेल आणि केर परत येईल. न सांगावं, तर रखमाचं पोट.

२ मार्च

सांगितलं. ओट्यापाशी, सगळ्यांसमोर. "शेंदूर मी फासला. तो दगड आहे." आनंदीबाईंचा चेहरा उतरला. "मग इतके दिवस मी नमस्कार कुणाला केला, तात्या?"

मी सगळ्यांदेखत शेंदूर घासून काढला. रखमाला निरोप धाडला, पण येईल असं वाटत नाही.

३ मार्च

उजाडताच खिडकीत. केर — एक पानसुद्धा नाही! आनंदीबाई ओटा झाडत होत्या. रखमा पाटी घेऊन लांबच उभी. बाईंनी झाडू ठेवला, घरातला पाट आणून मांडला.

"बस गं. आज पाटीची भवानी माझ्या हातची."