असली की डुप्लिकेट, मला सांगता येत नाही

लिहून ठेवणार: चंद्रप्पा मलप्पा बिराजदार, वय ७२, धंदा घड्याळदुरुस्ती, रा. लातूर. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. फक्त एका घड्याळापुढे ती चालत नाही, ते कलम ३ मध्ये येईल. कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही.

१. दुकान, भिंग, चिमटे, बारीक पेचकस, सगळे मुलगी मंजुश्रीला. बाईच्या हाती कोण घड्याळ देईल, असे मी म्हणालो होतो. आता माझा हात कापतो आणि गिऱ्हाईक तिलाच शोधत येते.

२. कपाटातली डुप्लिकेट घड्याळे मुलगा संगमेश्वरला. असली-नकलीची ओळख पटावी म्हणून मी ती वीस वर्षे जमवली. आधीची हलकी, काटा टकटक उड्या मारायचा, सोनेरी मुलामा एका उन्हाळ्याच्या घामात जायचा. पुढे वजन आले, काचेवर ओरखडा उठेना. मग काटा पाण्यासारखा सरकू लागला. आता आतले स्क्रूसुद्धा घासूनपुसून बसवलेले असतात. ही मेहनत करणारा असलीच का बनवत नाही, हे मला उमगलेले नाही.

संगमेश्वर नांदेडला हाच माल विकतो. मी त्याला चोर म्हणालो. तो म्हणाला, "अप्पा, मी फर्स्ट कॉपी सांगूनच विकतो. फसवत न्हाई कुणाला."

३. निळ्या डबीतले स्विस घड्याळ माझे नाही. मुखेडचे निवृत्त शिक्षक उद्धवराव यांच्या मुलाने, यज्ञेशने, ते परदेशातून आणून वडिलांना दिले. गुरुजी कौतुकाने दाखवायला आले. मी भिंग लावले आणि चारचौघांत बोललो, "गुरुजी, पोरानं फसवलं. डुप्लिकेट हाय." ते घड्याळ तिथेच ठेवून गेले. मुलाच्या लग्नालाही गेले नाहीत. बापलेकांचे पाच वर्षे बोलणे बंद.

गेल्या साली तसेच एक, कंपनीच्या पावतीसकट, दुरुस्तीला आले. दोन्ही उघडून शेजारी ठेवली आणि मला फरक सापडेना. हैदराबादेत दोन कारागिरांना गुरुजींचे दाखवले. एक म्हणाला असली, दुसरा म्हणाला नकली. मी एसटीने मुखेड गाठले.

"गुरुजी, मला कळंना झालंय."

"मग त्या दिवशी कळलं होतं का?"

"न्हाई. पण लोक बघून राहिले होते."

गुरुजींनी माझ्यासमोरच यज्ञेशला फोन लावला. तो म्हणाला, "बाबा, मित्राकडून विकत घेतलं होतं. त्यानं असली सांगितलं. मला तरी कुठं ओळखता येतं?" गुरुजी फोन धरून हसत होते की रडत होते, मला समजले नाही.

यज्ञेश दिवाळीला येणार आहे. तोवर घड्याळ तुमच्याकडेच ठेवा, असे गुरुजी मला म्हणाले. मी त्याआधी गेलो, तर मंजुश्रीने ते यज्ञेशच्या हाती द्यावे. उघडून बघू नये.

४. घर मंजुश्री आणि संगमेश्वर दोघांना निम्मे निम्मे. यापूर्वीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे. डुप्लिकेट विकतो म्हणून त्यात संगमेश्वरला काहीच ठेवले नव्हते. हे त्याला माहीत नाही. बाळा, आता माहीत झाले.

वाचून, समजून सही केली.

चंद्रप्पा मलप्पा बिराजदार

आमच्यासमक्ष सही झाली:
१. शेषेराव व्यंकटी मोरे, रा. लोहा
२. उमाशंकर काशीनाथ स्वामी, रा. लातूर

लातूर, दि. १४ ऑगस्ट २०२५