गास्केटची नाकेबंदी

३ मार्च, सकाळी ६.४०
पेपरात आलंय: एका देशाने एका खनिजाची निर्यात थांबवली आणि भलेभले देश त्याच्या दारात उभे. कॉलेजची पायरी चढलो नसलो तरी जागतिक राजकारण मला कळतं. गास्केट, म्हणजे पंपाच्या दोन भागांमध्ये बसणारी रबरी चकती, बिनचूक कापणारा या रस्त्यावर मी एकटा. समोरचं धाकट्याचं पंपदुरुस्तीचं दुकान माझ्या चकत्यांवर चालतं. तरी नव्या पाटीवर नाव फक्त त्याचं. ठरलं. निर्यातबंदी.

४ मार्च
धाकट्याला कळवलं: पाटीवर माझं नाव येईपर्यंत माल बंद. तो म्हणाला, बरं दादा. घाबरलाय. हिचं म्हणणं, सख्ख्या भावाशी असं वागतात का. स्ट्रॅटेजी घरात बोलू नये.
सामरिक साठा म्हणून सगळं रबर पत्र्याखाली माळ्यावर हलवलं.

९ मार्च
खिडकीतून पाहिलं. त्याच्याकडे तीन पंप उघडे पडलेत. दबाव लागू होतोय. अट वाढवली: अक्षरं चार इंची हवीत. (अजून कळवलेली नाही.)

१५ मार्च, रविवार
दर रविवारी तो आमच्याकडे जेवतो. आज आला नाही. वाटाघाटींपूर्वी अशी शांतता असतेच. हिने त्याचं ताट मांडलं आणि परत उचललं. मला जेवण गेलं नाही. उकाडा फार.

२१ मार्च
हिच्याकडून कळलं, धाकटा चकत्या बाहेर मशीनवर कापून घेतो. मापं कुठून मिळाली? तर माझ्याकडून. तीन वर्षं प्रत्येक पाकिटावर जाडी, व्यास, भोकांमधलं अंतर मीच अर्ध्या मिलिमीटरपर्यंत लिहून देत होतो, खाली सही. त्याच्या बायकोने एकूण एक पाकीट जपलंय. भावोजींचं अक्षर किती सुरेख, म्हणून.
निदान अक्षराची कदर आहे.

२८ मार्च
पलीकडचे दोन मेकॅनिकही आता त्याच्याकडूनच चकत्या नेतात. तात्पुरतं आहे. मशीनला हात नसतो.

२ एप्रिल, संध्याकाळी ७.१०
घरचा पंप गळू लागला. माळ्यावरचं रबर उन्हाने चिकटून एक गठ्ठा झालंय. नाइलाजाने रस्ता ओलांडला. तो काय काय अटी घालेल याचा विचार करून आठ उत्तरं तयार ठेवली होती.
त्याने पाकीट हातात दिलं. "घे ना दादा. आणखी लागली तर सांग."
अट एकही नाही. अट घालायची तर समोरच्याकडून काहीतरी हवं असावं लागतं.
चकती बिनचूक बसली.