हिरवी निघालेली पिल्लं

सर, तुमच्या ढेकणाची पिल्लं हिरवी निघाली. एवढं लिहून मी पेन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन बरणीत पुन्हा पाहून आले. हिरवीच आहेत. लोणच्याची काचेची बरणी आहे, तोंडाला मलमलीचं फडकं बांधलंय आणि आत पेटारीच्या झुडपाची डहाळी. तिच्या खालच्या पानावर आई बसली आहे, तपकिरी, गोल खांद्यांची, अगदी तुम्ही वर्णन केलंत तशी. आता ती फारशी हलत नाही. वर तिचीच लेकरं, माझ्या डोळ्यांदेखत घातलेल्या अंड्यांतून निघालेली, कात टाकत टाकत मोठी झालेली. ती पानासारखी हिरवी आणि दोन्ही खांद्यांवर काट्यासारखी शिंगं. पावसाळाभर अंबाडीवर, भेंडीवर, बांधावरच्या पेटारीवर दिसणारा तो झाडांचा रस पिणारा शिंगवाला हिरवा ढेकूण, इंग्रजांच्या काळापासून पुस्तकात असलेला, तोच माझ्या बरणीत तुम्ही शोधून नाव दिलेल्या नव्या जातीच्या पोटी आलाय. एका आईची सगळीच्या सगळी लेकरं दुसऱ्या जातीची कशी असतील? म्हणजे जाती दोन नाहीतच. एकाच किड्याची पावसाळ्यातली पिढी हिरवी निघते आणि थंडीच्या तोंडावरची तपकिरी. तुम्ही समोर असता तर मी हे बोलूच शकले नसते.

तुमची परीक्षा घ्यायला मी हे करायला बसले नव्हते, हे आधी सांगते. तुम्ही गेलात तेव्हा पिल्लांचं वर्णन राहून गेलं होतं, ते किडे काय काय खातात याचाही नीट अभ्यास झाला नव्हता. तेवढं पुरं करून छापायचं, वर आधी तुमचं नाव आणि खाली माझं, असा माझा बेत होता. तुमची तिथी, फोटोला हार, हे काकू करतात. माझ्याकडून हे असं ठरवलं होतं. म्हणून थंडीत तुमच्या गावाच्या माळावरून तपकिरी माद्या आणल्या, उन्हाळाभर जपल्या, पेटारीला कोवळी पानं आल्यावर त्यांना बरणीत सोडलं. घरचे हसत होते. लोणच्याच्या बरणीत ढेकूण पाळणारी बाई जालन्यात मी एकटीच असेन.

आणि तुमचा तो माळ आठवतो. दिवाळीची सुट्टी लागली की दुसऱ्या दिवशी आपण घनसावंगीची जीप धरायचो. तुम्ही, काकू, मी आणि काकूंच्या मांडीवर फराळाचा डबा. तिथून पुढं तुमच्या गावापर्यंत बैलगाडी मिळाली तर मिळाली. दुपारी माळावर तुम्ही छत्री उलटी धरायचात, मी काठीनं तरवडाच्या फांद्या झोडायचे आणि पिवळ्या फुलांबरोबर छत्रीत टपटप ढेकूण पडायचे. एकदा मी वहीत मोठ्या ऐटीत लिहिलं, ‘यजमान वनस्पती : बोर.’ बोरीवर एक ढेकूण दिसला होता ना! तुम्ही वही माझ्या हातातून घेतलीत. वर्गात शुद्ध बोलणारे तुम्ही, चिडलात की गावचं बोलायचात. “बसला म्हणजे खातो असं हाय का? मी आता बाभळीखाली बसलोय, मंग काय बाभूळ खाऊन राह्यलो का? सोंड आत गेलेली पाह्यली का तू? त्याची पिल्लं पाह्यली का तिथं? न्हाई ना? मंग खोड ते.” मी रडवेली झाले. काकूंनी हातावर चकली ठेवली. ते बोलणं मी आजवर माझ्या प्रत्येक वर्गाला ऐकवलंय, बाभळीसकट. पोरं हसतात, पण विसरत नाहीत.

आता मला कळतं, सर, की चूक त्या सुट्टीत होती. कॉलेजात तुम्हाला श्वास घ्यायला फुरसत नसायची. जूनमध्ये प्रवेश, मग तास, मग चाचण्या, आणि गावी जायचं ते फक्त दिवाळीत. तुमचे सगळे नमुने दिवाळीचे. तोवर अंबाडी उपटून नाल्यात भिजत घातलेली असायची, पेटारी वाळून गेलेली, आणि थंडीच्या तोंडावर निघालेले तपकिरी, बिनशिंगांचे किडे तरवडात थंडी काढायला बसलेले. ते तिथं काहीच खात नाहीत. मी आख्खी थंडी पाहिलं, एकाचीही सोंड फांदीत जात नाही. आणि तुमच्या शोधनिबंधात मात्र छापलंय की यजमान वनस्पती तरवड. श्रावणात एकदा जरी तुम्ही गावी गेला असतात तर थंडीतून उरलेल्या तपकिरी आया आणि त्यांची हिरवी पिल्लं तुम्हाला एकाच बांधावर दिसली असती. पण श्रावणात आपल्याकडं मास्तरला कोण रजा देतो?

इथवर मी स्वतःला समजावलं होतं. माणूस चुकतो, तुम्हीही चुकलात. पण खरा धक्का पुढंच होता.

परवा बरणी पिशवीत घालून मी काकूंकडे गेले. म्हटलं, बाहेर कुठं बोलायच्या आधी त्यांना सांगावं. त्या भाकरी थापत होत्या. मी बरणी ओट्यावर ठेवली, वाक्यं जुळवत होते. काकूंनी बरणीकडं पाहिलं आणि त्यांचा हात परातीतच थांबला.

“हिरवे निघाले का?” त्या म्हणाल्या.

मी त्यांना तोपर्यंत एक शब्द सांगितला नव्हता. “तुम्हाला कसं कळलं, काकू?”

“त्यांचेबी हिरवेच निघाल्ते. अशीच बरणी व्हती, खिडकीत ठेवलेली. त्या दिशी जेवलेच न्हाईत. मी म्हणलं, काय झालं? तर म्हणले, माझं बिलकुल चुकलं. मंग अंगणात गेले अन् सगळे सोडून दिले.”

“मग लिहिलं का नाही त्यांनी?”

“माय हाय तोवर न्हाई, म्हणले. माय गेल्यावर मीच लिहितो.” काकूंनी भाकरी तव्यात टाकली, वरून पाणी फिरवलं. “मंग तेच गेले आधी.”

सर, तुम्हाला माहीत होतं. ज्या माणसानं एका बोरीसाठी मला माळावर रडवलं, त्यानं खरं पाहिलं आणि अंगणात सोडून दिलं! मला राग आला, खोटं का बोलू? इतका आला की काकूंनी वाढलेली भाकरी मी तशीच ठेवून उठले. रिक्षातही मी तुमच्याशी भांडत होते. गुडघ्यावर बरणी, आत ती हिरवी पोरं, आणि मी पुटपुटतेय, रिक्षावाला आरशातून बघतोय.

घरी आल्यावर सत्काराचा दिवस आठवला. नव्या जातीला तुम्ही गावाचं नाव दिलंत तेव्हा गाव आधी भडकलं होतं. “ढेकणाला आपल्या गावाचं नाव? पावणे हसतेल ना!” मग कुणीतरी पटवलं की हे नाव जगाच्या पुस्तकात गेलं, आता कुणी काढू शकत नाही, आणि वारं फिरलं. मारुतीच्या पारापुढं मांडव पडला. तुम्हाला फेटा बांधला. सरपंच माईकवरून म्हणाले, “सरांच्या मातोश्रींना वर आणा.” तुमची माय आपल्या बौद्धवाड्यातल्या बायांसोबत मांडवाच्या कडेला उभी होती. तिला हाताला धरून आणतात, पारावर खुर्चीत बसवतात, लुगडं देतात. ती पदर दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली आहे आणि खाली सगळं गाव टाळ्या वाजवतंय. परतताना जीपमध्ये तुम्ही सांगितलंत, की त्या पारासमोरून जाताना माय चप्पल हातात घ्यायची.

ते सगळं त्या ढेकणावर उभं होतं. ढेकूण काढून घेतला की खुर्ची निघते, असं तुम्हाला वाटलं असणार. मला पटत नाही, सर. खुर्ची तुमची होती, किड्याची नव्हती. पण त्या पारासमोरून मला कधी चप्पल हातात घेऊन जावं लागलं नाही, तेव्हा माझ्या पटण्या-न पटण्याला किती किंमत द्यायची हे मला ठरवता येत नाही.

आणि थांबायलाही वेळ नाही. परभणीकडचा एक तरुण अभ्यासक याच ढेकणांवर काम करतोय. हुशार आहे, त्याला हे वर्षा-दोन वर्षांत दिसणारच. तो लिहील तेव्हा खरंच लिहील, पण ‘लेखकानं केवळ एकाच ऋतूतले नमुने पाहिले’ असं एक कोरडं वाक्य तुमच्या नावापुढं कायमचं चिकटेल. मी लिहिलं तर जात तशीही जाईल, पण तुम्ही त्या माळावर काय काय नोंदवलंत, किती बारीक पाहिलंत, हेही त्यात येईल. म्हणून मी लिहून काढलंय. चित्रं झाली, तरवड खोडला, पेटारी आणि अंबाडी लिहिली. शेवटी ‘ही जात स्वतंत्र मानता येत नाही’ हे वाक्य लिहिताना तुमचा हात धरून काहीतरी हिसकावून घेतल्यासारखं वाटलं. नियतकालिकाला धाडायचं पाकीट टेबलावर आहे, तिकीट लावलेलं. त्यात काय लिहिलंय हे तुम्हाला या पानांवर सांगून मोकळी झाले, पण तुमच्यापर्यंत ही पानं पोचवायला टपालपेटी नाही.

ते पाकीट मात्र मी अजून टाकलेलं नाही. काल पुन्हा जाऊन काकूंना शब्द दिलाय, तुमची माय, आमच्या आजी, आहेत तोवर थांबेन. आज सकाळी तुमच्या धाकट्या भावाला फोन लावला, सहज केल्यासारखा. विचारलं, आजी कशा आहेत? तो आनंदानं म्हणाला, “ठणठणीत हाय की! बाजंवर बसून शेंगा फोडून राह्यली.” मी ‘बरं झालं’ म्हणाले आणि फोन ठेवला. सर, ते ऐकून माझं मन खट्टू झालं.