काडीपैलवानाचा वचपा

४ मार्च, सकाळ
वजन ८८.४. कालही ८८.४. परवाही.
चौऱ्याण्णववरून निघालो तेव्हा कसा धडाधड उतरत होतो. दुधवाल्यानेसुद्धा ओळखलं नाही एकदा. (तोंडाला रुमाल होता, पण तरी.) आणि आता हे. सकाळी सूप, दुपारी काकडी, रात्री पुन्हा सूप. एवढ्यावर माणूस अदृश्य व्हायला हवा होता.
काल सासुरवाडीला जेवायला गेलो होतो. माझ्यापुढे उकडलेला दुधी आणि शेजारी साडू. हिच्या थोरल्या बहिणीचा नवरा, गणिताचा मास्तर. गेल्या काही महिन्यांत वाळून काडी झालाय. भात दोनदा घेतला त्याने. मग माझ्या ताटात डोकावून सगळ्यांसमोर म्हणाला, अरे, तू अजून डाएटवर आहेस होय? सांगितलंस म्हणून कळलं.
सगळे हसले. सासूबाई तोंडाला पदर लावून. ही पदर न लावता.
मी मूग गिळून गप्प बसलो. मुगाच्या कॅलरी मोजल्या नाहीत.
आजपासून त्याचं नाव काडीपैलवान. सासूबाईंचा सत्तरावा वाढदिवस एकवीस एप्रिलला. तोवर ब्याऐंशी किलो. लग्नातला कोट घालून त्याच्या शेजारी उभा राहीन आणि एकच वाक्य बोलेन. वाक्य अजून सुचलेलं नाही. सुचेल.

६ मार्च
८८.४. काट्यावर संशय. बाथरूममध्ये ठेवला, दारात ठेवला, एका पायावर उभा राहिलो. तसाच.
मी पार्सल डेपोत काउंटर सांभाळतो. दिवसभर लोकांची खोकी तोलतो. मला काट्यांबद्दल कोण काय शिकवणार? जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेल्यावर डेपोच्या मोठ्या काट्यावर चढलो. ८९.१. बूट धरून. शिवाय खिशात किल्ल्या. शिवाय चष्मा.
हमाल परत आला. काट्यावर मी उभा. त्याने शांतपणे विचारलं, साहेब, कुठं पाठवायचं?
ह्याचंही बघू पुढे.

९ मार्च
आहारतज्ज्ञ बाईंकडे गेलो. बाई स्वतः पेन्सिलीसारख्या. अशा माणसांना दुःख काय कळणार.
म्हणाल्या, ह्याला पठार म्हणतात. शरीराला कमी खाण्याची सवय होते, वजन एका जागी थबकतं. घाबरू नका, चालणं वाढवा आणि तोंडात जाणारा प्रत्येक घास मोजा. मी म्हणालो, मोजतोच. त्यांनी विचारलं, प्रत्येक? मी म्हणालो, जेवणातला प्रत्येक. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.
पुढच्या वेळी जाईन तेव्हा ब्याऐंशीचा होऊन जाईन आणि त्यांच्याकडे चष्म्यावरून बघेन.

१२ मार्च
बाईंचा ‘प्रत्येक?’ डोक्यातून जात नाही. म्हणून प्रामाणिकपणे आठवून बघितलं. कन्येने टाकलेले टोस्टचे काठ: तिचा हिशोब, माझा नव्हे. उभ्याने खाल्लेलं: उभं राहायला ताकद लागते, फिटाफीट. डेपोतला चहा: कामाचा भाग. फुटलेल्या खोक्यातली बिस्किटं: मालाची तपासणी.
थोडक्यात, माझ्याकडून कसूर नाही. दोष पठाराचा.

१५ मार्च
८८.४.
काडीपैलवानाने फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला. पट्ट्याला नवीन भोक पाडलंय. खाली मेहुणीचे अंगठे, सासऱ्यांचे अंगठे. हिने फोटो माझ्या नाकासमोर धरला आणि म्हणाली, शिका काहीतरी.
दातओठ खाल्ले. त्यात तरी कॅलरी नसाव्यात.
दुपारी पावत्या फाडताना डोक्यात लख्ख प्रकाश पडला. शेजारी उभं राहायचंय ना? मग दोघांतला फरकच महत्त्वाचा. माझं वजन उतरत नसेल, तर त्याचं चढवता येईल! गणिताच्या मास्तरला गणितानेच हरवायचं.
भूक एकदम मेली. संध्याकाळी परत आली.

१८ मार्च
लोण्याच्या बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा आणला. पाठवणाऱ्याच्या जागी ‘एक हितचिंतक’ लिहिलं. अक्षर डाव्या हाताने काढलं. डेपोत ओळख असल्याचा हा फायदा.
पाठवण्याआधी एक बिस्कीट चाखलं. खराब निघालं तर सूड कसा लागू पडणार? पहिलं बरं होतं. पण एकावरून अंदाज येत नाही.

१९ मार्च
दुसरा डबा आणला. पहिला हलवला की खुळखुळ वाजत होता. संशय आला असता.
दुसरा रवाना. ‘नाजूक, जपून हाताळा’चं स्टिकर मी स्वतः लावलं.

२४ मार्च
आणखी दोन डबे रवाना. (आणले चार.)
मेहुणीचा फोन. ही स्पीकरवर बोलते, म्हणून ऐकावं लागतं. म्हणे, ह्यांना कोणीतरी निनावी खाऊ पाठवतंय. नक्की जुना विद्यार्थी. ह्यांनी किती जणांना फुकट शिकवलं ना, पोरं विसरत नाहीत. डबा बघून ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.
फोन ठेवून ही म्हणाली, माणसाने असं जगावं.
माझ्या पैशाने, माझ्या डाव्या हाताने, माझ्या स्टिकरने तो संत झाला! ठीक आहे. संतही फुगतात. वाट बघू.

२९ मार्च
८८.४. संतापलो. आज दिवसभर फक्त पाणी.
दुपारी काउंटरवर एक बाई कुंड्या पाठवायला आल्या होत्या. त्यांची पावती लिहिता लिहिता अक्षरं पोहायला लागली. पुढचं आठवतं ते एवढंच की मी ट्रॉलीवर आडवा आणि हमाल ढकलतोय. म्हणत होता, सरका, मोठा माल आहे. मग त्याने साखर घालून चहा पाजला, स्वतःच्या डब्यातला केक भरवला. दोनदा.
बॉसने विचारलं, घरी काही त्रास आहे का? मी म्हणालो, साडू.
नोंद: केक औषध म्हणून घेतला. औषधं मोजत नाहीत.

५ एप्रिल
८८.९. म्हणजे स्नायू. स्नायू चरबीपेक्षा जड असतात, सगळे सांगतात. ट्रॉलीवर झोपून स्नायू कसे वाढले, असं हिने विचारलं. तिला शास्त्र कळत नाही.
कोट घालून बघितला. खांद्यात बसतो. पाठीत बसतो. मधलं बटण मात्र उडून थेट हिच्या चहाच्या कपात. तिने बटण चमच्याने काढलं, पुसलं आणि सुईत दोरा ओवला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

१२ एप्रिल
बँकेबाहेर काडीपैलवान दिसला. लांबून. आणखी वाळलाय! सदरा खुंटीला टांगल्यासारखा लोंबत होता. एवढे डबे गेले कुठे? रोज पळतो की काय? का माझा खाऊ विद्यार्थ्यांत वाटून पुण्य कमावतोय?
पायरीवर बसून बाटलीभर पाणी घटाघटा प्यायला. नाटकी. लोकांनी बघावं म्हणून.
आता बिस्किटं बास. चॉकलेट. काजू-बदाम घातलेली, जाड वडी. त्याचा डोस वाढवतो. तपासणीचाही वाढवावा लागणार.

२० एप्रिल
८९.६. उद्याचं वाक्य सुचलं. ‘मास्तर, तुम्ही आजारी दिसता, मी मात्र घटलोय.’ आरशासमोर म्हणून बघितलं. दुसरा भाग म्हणताना पोट आत ओढायचं.

२१ एप्रिल, संध्याकाळ
वाढदिवस पार पडला. जसं घडलं तसं लिहितो.
फोटो काढायला सगळे उभे राहिले. मी त्याच्या शेजारी. कोट उघडा ठेवला होता, तशी फॅशन आहे. वाक्य जिभेवर. एवढ्यात त्याने माझं मनगट धरलं. हात गार. म्हणाला, जरा माझ्याबरोबर मागच्या गॅलरीत ये.
गॅलरीत वाळत घातलेल्या चादरींच्या आड उभे राहिलो. तो म्हणाला, कोणाला सांगितलं नाही, तुला सांगतो. डाएट-बिएट मी कधी केलंच नाही. आपोआप उतरत गेलो. आधी बरं वाटलं, मिरवलं, पट्ट्याला भोकं पाडली. मग तहान आवरेना, वर्गात फळ्याला टेकून उभं राहायची वेळ आली. गेल्या आठवड्यात तपासून घेतलं. साखर. डॉक्टर घाबरले एवढी. बायकोला सांगायची हिंमत होत नाही. तिला वाटतंय नवरा तरुण झाला.
मी म्हणालो, गोड बंद केलंत ना? माझाच आवाज मला चिरका वाटला.
तो म्हणाला, तेच जमत नाही रे. कोण देवमाणूस डबे पाठवतोय. पोरगं प्रेमाने पाठवतंय, टाकवत नाही. मोरीचं दार लावून खातो, चोरासारखा. आणि तू! महिनोनमहिने सूप पिऊन राहतोस. त्या दिवशी तुझी थट्टा केली, पण खरं सांगतो, मला तुझा हेवा वाटतो. कसं सोडलंस खाणं? मला शिकव.
त्याचे डोळे भरले. माझ्या डाव्या हाताला मुंग्या आल्या.
वाक्य गिळलं. त्याला म्हणालो, आधी ताईंना सांगू, मी येतो बरोबर. स्वयंपाकघरात नेलं. तो सांगत होता, मेहुणी ओट्याला धरून ऐकत होती आणि त्याने माझं मनगट शेवटपर्यंत सोडलं नाही. मेहुणी रडली, मग त्याच्यावर ओरडली, मग त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.
नंतर तिने विचारलं, त्या हितचिंतकाला कसं थांबवायचं? मी म्हणालो, डेपोत चौकशी करतो.
मला बघून ही पहिल्यांदाच म्हणाली, चांगलं वागलात.
केक घेतला नाही. खरंच घेतला नाही.

२२ एप्रिल
साडूकडे जाऊन उरलेले डबे घेऊन आलो. पिशवी जड. तो म्हणाला, तुझ्यासारख्या निग्रही माणसाच्या घरीच हे सुरक्षित राहतील.
हितचिंतकाचा बंदोबस्त झाल्याचं कळवलं. मास्तर म्हणाला, बिचाऱ्याला रागावला नाहीस ना?

२ मे
९१.२. पठार संपलं.
डबेही संपले. घरात ठेवणं धोक्याचं होतं. साडू कधीही आला असता.

६ मे, सकाळ
साखर उतरायला लागली, असा काल मास्तरचा फोन. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय. एकट्याला कंटाळा येतो, तू येशील का, तुझ्याकडे बघून मला धीर येतो, म्हणाला. नाही म्हणायला सबब शोधत होतो, तेवढ्यात हिने माझ्या हातातून फोन घेऊन हो सांगितलं.
आज गेलो. पाण्याच्या टाकीकडच्या चढावर पहिल्याच वळणावर मला दम लागला. कठड्यावर बसलो. मास्तर पुढे गेला होता, तो मागे आला. सदऱ्याच्या बाहीने माझ्यासाठी कठडा पुसला, स्वतःची पाण्याची बाटली दिली आणि ढ मुलाला बेरीज समजावावी अशा आवाजात म्हणाला, घाई नाही, हळूहळू जमेल तुला.
लहान मुलीला शाळेत सोडायला निघालेली एक बाई थांबली. तिने मास्तरला विचारलं, आजारी आहेत का हे?
मास्तर हो म्हणाला.