माझे दोन्ही हात कामात असतात

सर, हे मराठीत लिहिते आहे, कारण मराठी तुम्हाला येत नव्हती. मध्येच थांबवून तुम्ही माझं वाक्य दुरुस्त करू शकणार नाही, एवढी सोय मला हवी आहे.

तुमच्या चर्चच्या नव्या क्वायर-डायरेक्टर बाईंची मेल आली होती. तुमच्या रचना त्या नीट उतरवून काढताहेत आणि संध्याकाळच्या उपासनेच्या स्तोत्रात एका जागी अडल्या आहेत. आम्हा अल्टोंच्या, बायकांतल्या खालच्या आवाजांच्या, कागदावर एक सूर, ऑर्गनच्या कागदावर त्याहून अर्धा सूर वरचा. दोन्ही एकदम आले की भातात खडा लागावा तसं होतं. ते स्तोत्र पहिल्यांदा गायलेल्या अल्टोंपैकी इथे ट्रॉय गावात आता मी एकटीच उरले आहे, म्हणून त्यांनी मला विचारलं, यातला बरोबर कुठला? मला ठाऊक आहे. तुम्हालाही ठाऊक होतं. राग त्याचाच आहे.

तुम्ही इंग्लंडमधल्या कॅथीड्रलच्या गावचे. लहानपणापासून तिथे गायलात, ऑर्गन शिकलात, आणि मग इमारतीहून पार्किंग लॉट मोठा असलेल्या या मिशिगनमधल्या चर्चमध्ये येऊन आयुष्य काढलंत. छापण्यासाठी काही लिहिलं नाहीत, समोर उभ्या असलेल्या माणसांसाठी लिहिलंत. बेसमध्ये, पुरुषांच्या खर्जात, गाणाऱ्या म्हाताऱ्या प्लंबरला अगदी खालचे सूर लागत नसत, तर त्याची ओळ तुम्ही तिथवर नेतच नसा. अल्टोंच्या वाट्याला एरवी एकाच सुरावर उभं राहणं येतं, पण त्या स्तोत्रात तुम्ही आम्हाला चाल दिलीत. मी पंधरा वर्षांची, नागपूरहून आलेली, तुमच्या देवाशी काही घेणंदेणं नसलेली, शाळेतल्या संगीताच्या बाईंनी पाठवलेली मुलगी. ती चाल माझ्या आवाजाच्या मापाची होती, हे मला तेव्हाही कळलं होतं.

तुमच्या लहानपणची एक शिस्त तुम्ही सोबत आणली होती. ज्याचा सूर चुकला त्याने गाता गाताच हात वर करायचा. म्हणजे चूक त्याला कळली, तालीम थांबवायला नको. प्लंबरने एकदा विचारलं, "आणि तुमचं चुकलं तर?" तुम्ही म्हणालात, "माझे दोन्ही हात कामात असतात." सगळे हसले. मीही हसले.

मग ते स्तोत्र आलं, आणि त्या जागी खडा लागला. तुम्ही ऑर्गनवरून मान वळवलीत आणि थेट माझ्याकडे बघितलंत.

"हात?"

"सर, कागदावर असाच आहे."

"ऑर्गनवर तसा नाही."

"मग ऑर्गनचा कागद चुकला असेल."

तुम्ही चष्मा काढलात. "कान चांगला आहे तुझा. वागणं नाही."

त्यानंतर प्रत्येक तालमीत ती जागा आली की कागदावरचा बरोबर सूर गाऊनही मी हात वर केला. गाडीत आई म्हणाली, "अगं, हात वर केला तर झिजतो का?"

"बट आय वॉज राइट, आई."

"असशील राइट. त्यांनी काढून टाकलं तर कॉलेजच्या ॲप्लिकेशनवर काय लिहिणार आहेस?"

रविवारी मी कागदावरचाच सूर गायले. खडा लागणार म्हणून अंग आवळून उभी होते. लागला नाही. तुम्ही अर्धा सूर खाली वाजवलात आणि ती जागा अशी उघडली की प्लंबरने मागे वळून पाहिलं. नंतर कॉफीच्या टेबलाशी तुम्ही मला म्हणालात, "आज शब्द स्पष्ट आले." आणि बिस्किट उचललंत. पुढे कायम तसंच वाजवलंत. कागद दुरुस्त केला नाहीत. मी वाट पाहिली. मग मी कॉलेजला गेले, आणि तुम्ही वारलात.

आता मोटार कंपनीत, गाडीतली नको असलेली गुणगुण कुठून येते ते शोधणं हे माझं काम आहे. सापडली की सांगायचं, डिझाइन माझं असो की बॉसचं. त्यात कुणाचा अपमान होत नाही. तुमचा काय झाला असता? तुम्ही त्या दिवशी सूर बदललात, तोच तुमचा वर केलेला हात, असं मी स्वतःला सांगून पाहिलं आहे. पटत नाही. पट्टीवरचं बोट सरकवणं म्हणजे हात वर करणं नव्हे. वर केलेला हात सगळ्यांना दिसतो. माझा दिसत होता.

मेलला उत्तर न देण्याचा मोह झाला. मी गप्प राहिले असते, तर तुमची चूक तुमच्या नावाने कायमची उतरली असती. पण ती जागा सुंदर आहे, आणि तिने माझं काही बिघडवलेलं नाही. एका ओळीत कळवलं: अल्टोंचा सूर बरोबर, ऑर्गनचा कागद दुरुस्त करा. मला कसं माहीत, ते लिहिलं नाही.

बाईंनी तालमीला बोलावलं, अल्टो कमी पडताहेत म्हणून. गेले. ती जागा आली, सूर बसला. मी तोच ऐकत राहिले आणि पुढची ओळ माझी चुकली. कळायच्या आत हात वर गेला होता. तुमची शिस्त तिथे आता कुणाला माहीत नाही. शेजारची बाई कुजबुजली, "काही विचारायचंय का?"

"नाही," मी म्हटलं.

हात मात्र लगेच खाली आला नाही.