प्लुटोनियम, डार्लाचं लग्न आणि बंद एसी

टायटसव्हिल, फ्लोरिडा
जुलै, सोमवार

ऑर्लीन मावशी,

यान शनिवारी सकाळीच उडणार. काल चर्चच्या हॉलमध्ये जिल्ह्याचे सुरक्षा अधिकारी पिटमनसाहेब यांनी तसं पक्कं सांगितलं. डार्लाचं लग्नही शनिवारीच, आमच्याच अंगणात, उड्डाणतळासमोर. तुझे गुडघे कसे आहेत? (दुखतच असणार, पण विचारायची पद्धत आहे.)

"यानात प्लुटोनियम आहे, मी जॉर्जिया सोडून येणार नाही," असं तू कळवल्यापासून आमची पोरगी नीट जेवत नाही. मावशीआजी नाही तर लग्नच नको म्हणते. म्हणून मी सभेत उभा राहिलो. "साहेब, मावशीला काय सांगू?" ते शांतपणे म्हणाले, हा बॉम्ब नव्हे, बॅटरी आहे. इंधनाच्या वड्या भाजलेल्या मडक्यासारख्या टणक, वर धातूची कवचं. रॉकेट फुटलं तरी त्या टिकाव्यात अशाच केल्यात. "तरी धूळ उडालीच, तर घरात जा आणि स्क्रब..."

आता आमच्याकडे 'स्क्रब' म्हणजे उड्डाण पुढे ढकललं. (जन्मभर नदीकाठी उड्डाणं बघत ऐकलेला शब्द.) अर्धा हॉल उठला, खुर्च्या घडी झाल्या, शेजारच्या बडने तर चर्चमध्येच बियरचा कॅन फोडला. साहेब ओरडताहेत, "अहो बसा! अंग घासून अंघोळ करा म्हणतोय!"

बसलो. मग ते म्हणाले, "खिडक्या बंद करा. आणि एसीही बंद."

प्लुटोनियम ऐकून कोणाची पापणीही लवली नव्हती, मावशी. आता पाद्रीबुवांचाही चेहरा उतरला. बड मागून म्हणाला, "जुलैत? साहेब, त्यापेक्षा ते प्लुटोनियमच परवडलं की!"

तात्पर्य, धोका अगदी थोडा आहे. साहेबांवर माझा पूर्ण विश्वास आहे. तू निर्धास्त ये.

तुझा भाचा,
हॉलिस

ता.क. तुझ्या अंगणात ऐंशी खुर्च्या मावतील का? केक करणारी रमोना म्हणते, एसी बंद झाला तर केकवरचं क्रीम नवरीआधी रडेल. लग्न तुझ्याकडे हलणार हे ऐकून डार्ला दोन ताटं जेवली.

ता.क. दुसरा. पिटमनसाहेबांच्या पत्नीही तुझ्याकडे येताहेत. गाडीत जागा आहे का, असं त्यांनी स्वतःच विचारलं.

ता.क. तिसरा. आत्ताच रेडिओवर सांगितलं, वादळामुळे स्क्रब. यान आता पुढच्या आठवड्यात. पण आमच्या खुर्च्या घडी होऊन ट्रकात चढल्यासुद्धा. शुक्रवारी दुपारपर्यंत पोचतो. एसी चालू ठेव.